डिझेल, बॅटरी आणि जतचा रस्ता

निवृत्त झाल्यापासून दादासो थोरातला झोप लागेनाशी झाली होती. उमेदीची सगळी वर्षं एसटीचं स्टेअरिंग धरून काढलेला माणूस. पहाटेची पहिली गाडी बहुतेक त्याच्याकडेच असायची. आता गाडी नव्हती, पण जाग यायची ती यायचीच. मग कराडला लागून असलेल्या मलकापुरातल्या आपल्या घरात तो या खोलीतून त्या खोलीत फिरायचा, नळ सोडून पाणी आलंय का बघायचा, पुन्हा बंद करायचा. त्याची बायको अंजना पांघरुणातूनच म्हणायची, "आवं, पडा की जरा. कुठं जायचंय तुमाला?"

कुठे जायचं नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

म्हणून तो डेपोत जायचा. निमित्त कुत्र्यांचं. डेपोच्या आवारात वाढलेली दोन कुत्री होती. वर्कशॉपच्या तेलकट फरशीवर लोळायचा म्हणून काळ्याचं नाव डिझेल. तांबूस कुत्रीचे डोळे हेडलाइटसमोर असे लकाकायचे की मेकॅनिक लोकांनी तिला बॅटरी म्हणायला सुरुवात केली. त्यांना भाकरी घालणारा आकाराम वॉचमन नोकरी संपवून पुण्याला लेकीकडे राहायला गेला, आणि ते काम दादासोने आपणहून अंगावर घेतलं. भाकरी घालून झाली तरी तो तिथेच रेंगाळायचा. गाड्या लागताना बघायचा, नव्या ड्रायव्हरांना रिव्हर्स घेताना हात करायचा. ती पोरं मान द्यायची, पण त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. दादासोला ते कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी पाय तिकडेच वळायचे.

धम्मपाल कांबळे हा त्याचा कंडक्टर आणि जिवाचा दोस्त. कितीतरी वर्षं दोघं एकाच गाडीवर होते. धम्मपालची नोकरी अजून बाकी होती. त्याने हे सगळं पाहिलं होतं. एक दिवस तो म्हणाला, "माझ्या आक्काला कुत्री पायजे. जतच्या पुढं ऱ्हाती ती, वस्तीवर. शेळ्यांची करडं उचलतंय कायतरी. लांडगा हाय का तरस, तिलाबी ठावं न्हाई. ह्या दोघांला तिकडं सोडू. मोकळं रान हाय, पोटाला मिळंल."

दादासो एकदम "चल" म्हणाला. कुत्र्यांसाठी की दिवसभराच्या रस्त्यासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. निवृत्त झाल्या झाल्या त्याने एक जुनी व्हॅन घेतली होती. तिला दूर नेण्याची संधीच मिळत नव्हती.

धम्मपालच्या सुट्टीच्या दिवशी ते निघाले. थंडीचे दिवस होते, कारखाने चालू होते, रस्त्यावर उसाच्या पाल्याचा चिखल झाला होता. डेपोच्या फाटकाशी दादासोने व्हॅनचं दार उघडलं, तर दोन्ही कुत्री चढा म्हणायच्या आत चढून बसली. बॅटरी मागच्या सीटवर खिडकीशी. डिझेल मात्र म्हातारा, मागचा एक पाय ओढत चालणारा. तो पुढच्या दोन सीटच्या मधल्या जागेत घुसला आणि धम्मपालच्या मांडीवर हनुवटी टेकून पडला.

"ह्याला पुढची सीट लागती," धम्मपाल म्हणाला. "सायबाचा पास हाय ह्याच्याकडं."

कराडचा पूल ओलांडून गाडी विट्याच्या रस्त्याला लागली तसा दादासो खुलला. एका हाताने स्टेअरिंग, दुसरा खिडकीवर. पण तो स्थिर नव्हता. पुढे ट्रॅक्टर दिसला की ओव्हरटेक, जीप दिसली की ओव्हरटेक. कडेगावच्या अलीकडे चहाला थांबले, तर अर्धा कप चहा तसाच ठेवून तो उभा राहिला. "चल, चल, उशीर होतोय."

"कशाला उशीर? आक्का काय पळून चाललीय?"

"ऊन होतंय."

"थंडीचं?"

दादासो गाडीच्या पलीकडे गेला, खिशातून एक छोटी बाटली काढली, मान मागे टाकून डोळ्यांत थेंब घातले. धम्मपालने काचेतून पाहिलं.

"डोळ्याला काय झालं रं?"

"धूळ. डेपोतली."

दोघं पुन्हा निघाले. बॅटरी खिडकीबाहेर तोंड काढून बसली होती आणि समोरून एसटी आली की भुंकायची. नुसती एसटीवर. ट्रक, जीप, मोटरसायकली ती सोडून द्यायची. धम्मपाल हसून हसून बेजार झाला. दादासोही हसला. दादासोची बोटं स्टेअरिंगवर सारखी वाजत होती.

विट्याच्या स्टँडवर धम्मपालला लघवीला जायचं होतं. तिथला कंट्रोलर ओळखीचा, म्हणून दोन शब्द बोलायला तो आतही गेला. दादासोने कुत्र्यांना पाणी पाजायला म्हणून बाहेर गाडी लावून मागचं दार उघडलं. समोर फलाटावर तासगावची गाडी सुटायच्या बेतात होती. इंजिन घरघरत होतं. बॅटरीने कान टवकारले, दादासोच्या हाताखालून उडी मारली आणि सरळ पळत जाऊन त्या गाडीच्या उघड्या दारातून आत चढली. डेपोत तिला हीच सवय. रात्री उभ्या गाड्यांत शिरून झोपायचं आणि झाडणाऱ्याने हाकललं की उतरायचं. डिझेलही उतरला, चार पावलं लंगडत गेला आणि थांबला.

दादासो ओरडला, पण स्टँडच्या गोंगाटात कुणाला ऐकू जाणार? दार लागलं, दोनदा घंटी वाजली, गाडी निघून गेली.

धम्मपाल बाहेर आला तेव्हा दादासो डिझेलला उचलून गाडीत कोंबत होता. "बस लवकर. बॅटरी तासगावला निघाली."

"आरं थांब, कंट्रोलरला सांगतो. तो कंडक्टरला फोन करंल."

"फोन करूस्तवर गाठतो की. बस म्हणतो न्हवं."

धम्मपाल बसला, दार नीट लागायच्या आत व्हॅन निघाली. दादासो पुढे झुकून चालवत होता. विट्याबाहेर पडताच त्याने वेग वाढवला. लाल गाडी लांब चढावर दिसली तशी त्याच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी तजेला आला. "बघ, अजून पळतीया का न्हाई आपली गाडी," तो म्हणाला.

डावीकडून एक कच्चा रस्ता येऊन मिळत होता. त्या रस्त्याने दुधाच्या किटल्या लावलेली एक मोटरसायकल येत होती. उघडं माळरान, मध्ये झाड नाही, झुडूप नाही. धम्मपालला ती लांबूनच दिसली होती. दादासोलाही दिसली असणार, तो वेग कमी करील, असं धरून तो गप्प बसला. दादासोने वेग कमी केला नाही. मोटरसायकल अगदी जवळ आली तेव्हा धम्मपाल ओरडला, "डावीकडं, डावीकडं बघ!"

दादासोने स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं. मोटरसायकलवाल्याने आपली गाडी चरात घातली. धडक झाली नाही, पण माणूस कुशीवर पडला आणि एक किटली लवंडून सगळं दूध मातीत गेलं.

दोघं धावत गेले. म्हातारा शेतकरी होता, पटका बांधलेला. त्याला उठवून बसवलं. कोपर खरचटलं होतं, बाकी धड होता. दादासोने किटली सरळ केली, मोटरसायकल चरातून ओढून काढली. म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. "मी काय चिलटाएवढा हाय का रं?" तो म्हणाला. "एवढी गाडी, एवढा मी, आन् तुला दिसत न्हाई?"

"चुकलं बाबा," दादासो म्हणाला. "कुत्र्याच्या नादात चुकलं."

दुधाचे पैसे धम्मपालने दिले. म्हाताऱ्याने ते घेतले, पण मान हलवतच निघून गेला.

बस पुढच्याच गावच्या थांब्यावर सापडली. तासगावला जाणाऱ्या दोन बाया मागच्या सीटवर बसल्या होत्या. बॅटरी त्यांच्या पायाशी ऐटीत बसून बिस्किटं खात होती. कंडक्टर धम्मपालला म्हणाला, "स्टाफचं कुत्रं हाय व्हय? मला वाटलंच. चढली ती डायरेक्ट जागा धरून बसली." गाडीत हशा पिकला. धम्मपालने तिला मानेला धरून खाली आणलं. तोही हसत होता, पण त्याचं लक्ष व्हॅनकडे होतं. दादासो हात स्टेअरिंगवर ठेवून समोर बघत बसला होता. तो उतरलाच नाही.

तिथून मागे वळून त्यांनी जतचा रस्ता धरला. भिवघाट गेला, नागज गेलं. हिरवं कमी कमी होत चाललं. उसाच्या जागी आधी द्राक्षांचे मांडव आले, मग ज्वारी, मग नुसता दगडगोट्यांचा माळ. धम्मपालने सीटवर जरा तिरकं बसून डावीकडची बाजू सांगायला सुरुवात केली होती. आपण असं करतोय हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. "बाई हाय कडंला. सायकल हाय. शेरडं हायत." एसटीत असतानाही घाटात तो दारात उभा राहून असंच सांगायचा. दादासोने त्याला गप्प बस म्हटलं नाही. एरवी म्हटलं असतं.

बाळाबाईची वस्ती जतच्या पुढे, डांबरी सोडून आत होती. पत्र्याचं घर, बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि त्यात शेळ्या. बाळाबाई धम्मपालपेक्षा बरीच मोठी, हाडापेराने मजबूत. नवरा जाऊन वर्षं झाली होती, मुलगा सांगलीला कामाला होता, ती वस्ती सोडून जायला तयार नव्हती. तिने आधी भावाला पाणी दिलं, मग दादासोला, मग कुत्र्यांपुढे पातेलं ठेवलं आणि ती पाणी पीत असताना त्यांच्याभोवती फिरून बघितलं. बॅटरीच्या पाठीवर हात फिरवला. डिझेलचा जबडा उघडून दात बघितले, मागचा पाय दाबला. तो कळवळला.

"ही चांगली हाय," ती म्हणाली. "ह्यो नगं."

दादासो म्हणाला, "आक्का, ती दोघं कधी वायली ऱ्हायली न्हाईत."

"असंल. पर ह्याला पळवत न्हाई, ड्रायव्हर. हितं रातीला काय आलं, तर करडाच्या आधी ह्यालाच न्हेल. तुमच्याच जिवाला लागंल मग."

"जवळ बांधून ठेवायचा."

"बांधून ठेवायचा, तर मग आणला कशाला?"

तिने वाईट वाटून घ्यायला जागाच ठेवली नाही. जेवायला ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि लसणाची चटणी होती. धम्मपाल पोटभर जेवला. दादासोने दोन घास खाल्ले आणि तो उठून कुंपणाकडे गेला. बॅटरी शेळ्यांमध्ये शिरली होती. एका बोकडाने तिच्यावर शिंगं रोखली, ती मागे सरली, पुन्हा पुढे गेली. थोड्या वेळात ती कुंपणाच्या तोंडाशी आडवी होऊन पडली, जणू तिला जागा नेमून दिली होती. दादासोने हाक मारली. तिने शेपटी हलवली, पण उठली नाही.

निघायच्या वेळी बाळाबाई म्हणाली, "आज ऱ्हावा. आता निघालात, तर ऊन डायरेक तोंडावर येतंय. पश्चिमंला जायाचं तुमाला."

"सकाळी माझी ड्यूटी हाय," धम्मपाल म्हणाला. म्हणता म्हणता त्याने दादासोकडे पाहिलं. "पर ड्यूटीचं काय, फोन करता येतोय. ऱ्हायचं का?"

"न्हाई," दादासो म्हणाला. त्याने आधीच दार उघडलं होतं.

व्हॅन निघाली तशी डिझेलने मागच्या सीटवर उडी मारायची धडपड केली. ती त्याला जमेना. धम्मपालने त्याला उचलून मागे ठेवलं. तो या खिडकीतून त्या खिडकीत नाक लावत, कण्हत, गोल गोल फिरत राहिला. जत मागे पडलं तरी थांबेना.

"बस की रं लेका," दादासो एकदा म्हणाला. "मी बसलोय न्हवं?"

ऊन खरोखरच तोंडावर आलं. काच धुळीने माखली होती, तिच्यावर उन्हाचा पिवळा पडदाच उभा राहिला. दादासोने काचेवरची उन्हाची झडप खाली पाडली, डोळे बारीक केले. समोरच्या गाड्या त्याला दिसत होत्या. त्यांना तो बरोबर जागा देत होता. नागजच्या पुढे धम्मपालने पायाशी पडलेली पाण्याची बाटली उचलली आणि आपल्या कानाजवळ, दादासोच्या बाजूला वर धरली. हात लांब केला असता तर दादासोला टेकला असता, एवढंच अंतर.

"दादासो, माझ्या हातात काय हाय?"

"गाडी चालवू दे."

"मान न फिरवता सांग. काय हाय?"

"काय न्हाई."

धम्मपालने बाटली हलवली. पाणी डचमळलं. त्या आवाजासरशी दादासोच्या गालाची शीर उडाली, पण मान वळली नाही.

धम्मपालने मग बाटलीचं बूड समोरच्या पत्र्यावर आपटलं. एकदाच. टण्ण. एसटीत एक घंटी म्हणजे थांब. दादासोचा पाय विचार करायच्या आत ब्रेकवर गेला होता. गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"कवापासनं?" धम्मपालने विचारलं.

दादासोचे हात स्टेअरिंगवरच होते. डिझेलही फिरायचा थांबला होता.

"दिवाळीच्या आधी गेलतो साताऱ्याला, डॉक्टरकडं," तो म्हणाला. "चश्मा बदलायला म्हणून. काचबिंदू म्हणाला. दोन्ही डोळ्याला. समोरचं दिसतंय, कडंचं गेलं. कसं सांगू तुला... खंबाटकीच्या बोगद्यातनं पुढचं तोंड दिसतं, तसं. मधलं सगळं लख्ख. बाजूला भिंत."

"गेलेलं येतंय का परत?"

"न्हाई. थेंब घातलं तर हाय तेवढं टिकंल म्हणाला. गाडी बंद करा म्हणाला."

"वयनीला ठावं हाय?"

"कुणालाच न्हाई."

"आन् तू मला घेऊन जतला आलास."

दादासो म्हणाला, "सांगितलं तर घरातली माणसं किल्ली काढून घेत्यात. मग मी काय करू दिवसभर? सांग. उठल्यापासनं काय करू? हातच ऱ्हात न्हाईत गप."

"ते मला कळतंय रं. लय दिवस कळतंय. म्हणून तर आलो तुझ्यासंगं, न्हाईतर कुत्री टेम्पोत घालून धाडली असती." धम्मपालचा आवाज चढला नव्हता. "पर तो दूधवाला चाकाखाली आला असता तर? त्याच्या घरी जाऊन काय सांगणार होतास, हात गप ऱ्हात न्हाईत म्हणून?"

"विट्यापातूर न्हेतो. हळू. तू सांग डावीकडचं, मी चालवतो. मघाशी आलोच की तसं."

"एक चाकभर न्हाई."

"मग काय हितं रानात बसायचं? तुला येती का चालवायला?"

"न्हाई येत. म्हणून तर उतरतोय."

धम्मपालने मागचं दार उघडलं, डिझेलला कवेत घेऊन खाली ठेवलं आणि दार लावलं. दादासोने त्याच्याकडे पाहिलं. मग रागारागाने गिअर टाकला आणि गाडी काढली.

आरशात त्याला माणूस आणि कुत्रा दिसले, लहान होत गेले. तो शिव्या देत होता. कोणाला, ते त्यालाही माहीत नव्हतं. डावीकडची सीट रिकामी होती, आणि आता तिथून काहीच ऐकू येत नव्हतं. सायकल नाही, बाई नाही, शेरडं नाही. रस्ता गुळगुळीत होता, ऊन डोळ्यांत घुसत होतं, आणि त्याला एकदम भीती वाटली की डावीकडे कुणीतरी आहे. त्याने बघायला म्हणून सगळी मान वळवली. मान वळली तसं स्टेअरिंगही वळलं. चाक डांबरावरून उतरलं, मुरुमावर घसरलं. त्याने कचकन ब्रेक दाबला. सगळीकडे धुरळा झाला.

धुरळा बसला तेव्हा काचेसमोर, हात लागेल इतक्या अंतरावर एक बाई उभी होती. पाठीमागे बाभळ, पुढे गाडीचं नाक. डोक्यावरचा कडब्याचा भारा खाली पडला होता. ती ओरडली नाही. दोन्ही हात छातीशी धरून उभी होती.

दादासो गाडी बंद करून उतरला. "लागलं का बाई?"

तिने मान हलवली. म्हणाली, "न्हाई. ब्रेक लागला म्हणून बरं झालं." मग भाऱ्याकडे बोट केलं. "तेवढा वर द्या."

त्याने भारा उचलला. दोन वेळा हातातून निसटला. तिसऱ्यांदा तिने खाली वाकून डोकं दिलं, त्याने भारा नीट ठेवला, आणि ती माळाकडे चालू लागली. तो तिच्याकडे बघत उभा राहिला. ती समोर होती तोवर दिसली. वाटेने जरा बाजूला वळली आणि दिसेनाशी झाली.

धम्मपाल आणि डिझेल चालत आले तेव्हा दादासो बाभळीखाली बसला होता. डिझेल थकून त्याच्या पायावरच पडला. धम्मपालने मुरुमात उमटलेली चाकाची घसट बघितली. पडलेल्या कडब्याच्या चार काड्या बघितल्या. दादासोने हात पुढे केला. मुठीत किल्ली होती.

"घे. माझ्याकडं नको ठेवू. मी परत मागीन."

धम्मपालने ती पँटच्या आतल्या खिशात टाकली.

जवळच एक ढाबा होता. मालकाने दोन पोरांना बोलावून व्हॅन ढकलून आवारात घेतली आणि धम्मपालचा नंबर लिहून घेतला. दादासो त्या वेळात रस्त्यावर येरझाऱ्या घालत होता, दहा पावलं इकडे, दहा तिकडे. डिझेल प्रत्येक फेरीला मान उचलून बघायचा. सूर्य डोंगराआड गेला, माळावर गारवा उतरला. धम्मपालने फोन पुढे केला. "वयनीला लाव."

"घरी गेल्यावर सांगतो."

"घरी गेल्यावर तू जेवशील आन् झोपशील. लाव."

दादासोने फोन लावला. अंजनाने उचलल्यावर तो म्हणाला, "येष्टीनं येतोय. गाडी बिघडली." धम्मपाल त्याच्याकडे बघत राहिला. दादासोने त्याच्याकडे पाठ केली. "गाडी न्हाई बिघडली. मला दिसत न्हाई नीट. डॉक्टरनं सांगितलंय, लय दिवस झालं. तुला सांगितलं न्हवतं." पलीकडून काय आलं ते धम्मपालला ऐकू गेलं नाही. दादासो नुसता "व्हय, व्हय" म्हणत होता. मग म्हणाला, "आन् एक कुत्रं बी हाय संगं."

जतहून येणारी कराडची गाडी दिवे लावून आली. धम्मपालने हात केला. ड्रायव्हर तरुण होता, पण दादासोला ओळखत होता. "मामा, तुमी? या, पुढं केबिनमधी बसा."

"नको," दादासो म्हणाला. "मागं बसतो."

कुत्र्यावरून कंडक्टरने कुरकुर केली. रात्रीची गाडी, माणसं कमी, म्हातारं कुत्रं, चावत नाही, असं धम्मपालने चार-पाच वेळा सांगितल्यावर त्याने "शेवटच्या सीटखाली" म्हटलं. डिझेल सीटखाली गेला आणि इंजिनाची थरथर अंगाला लागताच गाढ झोपला. दिवसभरात पहिल्यांदाच.

दादासोला झोप येणं शक्य नव्हतं. प्रत्येक वळणावर त्याचा उजवा पाय खाली दाबला जात होता. ड्रायव्हरने गिअर उशिरा बदलला की तो दातांतून हवा ओढायचा. विट्याच्या अलीकडे उसाच्या गाड्यांची रांग होती, ट्रॉल्यांना मागे दिवे नव्हते. आपण यातली एक तरी बघितली असती का, असं तो मनात मोजत राहिला. मग म्हणाला, "धम्मा, ह्यो पोरगा बरा चालवतोय."

"बरा चालवतोय."

"क्लच जास्त दाबतोय."

"सांगतो त्याला."

"नको सांगू."

कडेगावनंतर धम्मपालने डोळे मिटले. दादासोने त्याला कोपराने ढोसलं. "झोपू नको रं. बोल कायतरी."

मग धम्मपाल बोलत राहिला. आपल्या पुढच्या सुट्टीला मिरजेला मोठ्या डोळ्याच्या दवाखान्यात जायचं, आणखी एका डॉक्टरला दाखवायचं, असं त्याने ठरवून टाकलं. व्हॅन कुणाकडून तरी आणवायची आणि विकायची, तेही ठरवलं. दादासो यातल्या कशालाच हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही.

कराडच्या स्टँडवर अंजना रिक्षा थांबवून उभी होती. डोक्यावर लोकरीची टोपी, पायात चपला वेगवेगळ्या जोडातल्या. लहानपणी कुत्रं चावल्यापासून ती कुत्र्याच्या वाऱ्याला उभी राहत नसे. डिझेल उतरताना अडखळला, तशी ती दोन पावलं मागे सरली.

"कुठला डोळा?" तिने विचारलं.

"दोन्ही."

"आता मी दिसती का?"

"तू समोर हाईस. दिसतीस की."

ती त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. "आन् आता?"

दादासोने मान वळवली नाही. "न्हाई," तो म्हणाला.

तिने त्याचं कोपर धरलं. त्याने सवयीने हात झटकला. तिने पुन्हा धरलं, या वेळी घट्ट, आणि रागाने म्हणाली, "चला. आन् ते कुत्रं बाहीर झोपंल, घरात न्हाई, आधीच सांगती."

धम्मपालने डिझेलला उचलून रिक्षात एका कडेला ठेवलं. अंजना दुसऱ्या कडेला, पदर गुंडाळून अंग चोरून बसली. दादासो मध्ये होता. रिक्षा मलकापूरकडे वळली तेव्हा तो रिक्षावाल्याला सांगत होता की समोर खड्डा आहे, उजवीकडून घे.